तेलाच्या सिनेमातले अकरा सेकंद

मधुकर गरगकरांवर कुणी काही लिहावं असं त्यांनी आयुष्यात काहीही केलेलं नाही. हे माझं मत नव्हे, त्यांचंच. परवा मी म्हटलं, "मधुअण्णा, तुमच्यावर लिहायला घेतलंय," तर म्हणाले, "घे की. दुसरं कुणी सापडलं नाही का धारवाडात?" आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. दुसऱ्यांबद्दल हा माणूस तासन्‌तास बोलेल, स्वतःवर विषय आला की पेपर वर. मला अशा माणसांचा राग येतो. त्या रागापोटीच लिहिते आहे असं समजा.

आम्ही दोघं एकाच कचेरीत होतो. धारवाडला सरकारच्या प्रचार खात्याची एक लहानशी शाखा होती. तीन खोल्या, एक जीप, साहेब धरून सहा माणसं. मी १९८८ साली तिथं लागले ती फिल्मांच्या कोठीची कारकून म्हणून. कोठीत लोखंडी मांडण्यांवर पत्र्याच्या गोल डब्यांतून दीडशेवर फिल्मा होत्या आणि त्यांची नोंदवही माझ्याकडे होती. मधुअण्णा त्या फिल्मा गावोगाव दाखवणारे. त्यांच्या हुद्द्याचं नाव इंग्रजीत चांगलं दीड ओळ होतं, पण जिल्हाभर लोक त्यांना 'सिनेमा मास्तर' म्हणायचे. महिन्यातले वीस दिवस ते फिरतीवर. कलघटगी, नवलगुंद, अळणावर, कुंदगोळ. जीप थांबली की देवळासमोर पडदा बांधायचा, झाडाला भोंगा लटकवायचा, जनरेटर शक्य तितका लांब ठेवायचा आणि अंधार पडायची वाट बघायची.

फिल्मा कसल्या? गुरांची लस, शेणखताचा गॅस, लहान कुटुंब, सुधारित बियाणं. सगळ्या हिंदीत. पडद्यामागचा बुवा शुद्ध हिंदीत गंभीरपणे सांगायचा आणि आमची माणसं तितक्याच गंभीरपणे जांभया द्यायची. म्हणून मधुअण्णांनी फार पूर्वीच एक युक्ती काढली होती. फिल्म सुरू झाली की आवाजाची कळ पिळून बंद करायची, स्वतः माईक हातात घ्यायचा आणि पडद्यावर जे चाललं आहे ते आपल्या भाषेत सांगायचं. कानडी गावात कानडी, मराठी वस्तीत मराठी, बाजारपेठेत दोन्हीची मिसळ. नुसतं सांगायचं नाही, पडद्यावरच्या माणसांना बोलायलाही लावायचं. गाईला लस टोचताना गाय काय म्हणते हेसुद्धा हा माणूस सांगायचा. साहेबांना हे ठाऊक होतं. लोक उठून जात नाहीत म्हटल्यावर साहेबांनीही कानाडोळा केला.

या सगळ्यात एक फिल्म वेगळी होती. समुद्रातून तेल काढणाऱ्या कामगारांवरची. माझ्या नोंदवहीत तिचं साल १९७८, लांबी अठरा मिनिटं, रंगीत. गावात तिला 'एण्णी सिनेमा' म्हणायचे, म्हणजे तेलाचा सिनेमा. जिथं तळ्यापलीकडे पाणी कुणी पाहिलेलं नाही तिथं पडद्यावर एकदम समुद्र यायचा आणि बायका पदर सावरून मागं सरकायच्या. मग समुद्रात चार पायांवर उभं असलेलं ते लोखंडी गाव. हेलिकॉप्टरमधून वाकून उतरणारी माणसं. चौदा दिवस पाण्यावर, चौदा दिवस घरी. चिखलानं माखलेले चेहरे, एकावर एक जोडून समुद्राच्या तळात उतरवलेले पाईप, उंचावर रात्रंदिवस पेटलेली ज्वाळा, मोठ्या तव्यावर पोळ्या भाजणारा घामाघूम आचारी, आणि बोटीतून दोरानं वर खेचलेली टपालाची पिशवी. त्या पिशवीवर सगळे कसे तुटून पडायचे! ती फिल्म ज्यानं काढली त्याला यंत्रांपेक्षा माणसं आवडत असणार.

आणि शेवटाकडे तो पोरगा. पिवळं हेल्मेट, वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सरकवलेला, अंगावर तेलकट डगला. जेवणाच्या सुट्टीत कठड्याशी बसला आहे, मांडीवर स्टीलचं ताट. कॅमेऱ्याकडे बघून लाजतो, हसतो, काहीतरी बोलतो आणि हात हलवतो. तो काय बोलला ते कुणालाच ठाऊक नाही, कारण नेमकं त्याच वेळी हिंदी बुवा रोज किती पिंपं तेल निघतं ते सांगत असतो. घड्याळ लावून बघितलं आहे मी, अकरा सेकंद.

तिथं मधुअण्णा म्हणायचे, "हा आपल्या नवलगुंदचा पोरगा." नवलगुंदमध्ये नवलगुंदचा, कलघटगीत कलघटगीचा. आणि मग त्या हलणाऱ्या ओठांवर बरोबर बसवून, "अव्वा, नंदू ऊटा आतु. निंदू आतेन?" मराठी वस्ती असली तर, "आई, जेवलो मी. तू जेवलीस का?"

आमच्याकडे माणूस माणसाला भेटला की पहिला प्रश्न जेवणाचाच. सकाळी दहाला भेटला तरी तोच, संध्याकाळी पाचला भेटला तरी तोच. त्यात नवल काही नव्हतं. पण समुद्राच्या मधोमध बसून एक पोरगा हेच विचारतो म्हटल्यावर गावंच्या गावं पाघळायची. म्हाताऱ्या पडद्याकडे बघून मोठ्यानं उत्तर द्यायच्या, "आतु मगा, आतु!" म्हणजे झालं रे बाळा, झालं. मी दोन-तीन वेळा हौसेनं जीपमधून गेले तेव्हा हे पाहिलेलं आहे. आणखी एक पाहिलं होतं. एरवी पडद्याकडे टक लावून बोलणारे मधुअण्णा ते एक वाक्य मात्र मान खाली घालून म्हणायचे. सवय असेल, असं मी तेव्हा धरून चालले.

१९९३च्या फेब्रुवारीत हुबळीच्या वेशीवरच्या उणकलला खेळ होता. तळ्याच्या अलीकडे नवी घरं उठत होती, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. हुबळीला मावशीकडे जायचं होतं म्हणून मी जीपमध्ये बसले होते. फिल्म शेवटाकडे आली, पोरगा हसला, आणि मधुअण्णा माईकवर म्हणाले, "हा आपल्या हुबळीचा पोरगा."

बायकांच्या घोळक्यातून एक बाई उठली. साठीची, काटकुळी, डोक्यावरून पदर. बसलेल्या माणसांतून वाट काढत ती थेट पडद्याकडे निघाली. तिची काळी सावली पडद्यावर पडली, मागून लोक ओरडले, "अम्मा, कुंद्री, कुंद्री!" पण ती बसली नाही. पडद्यापर्यंत पोचली आणि तिनं पोराच्या गालावर हात ठेवला. तेवढ्यात चित्र बदललं. तिच्या हातावर समुद्र आला.

खेळ संपल्यावर ती मधुअण्णांजवळ आली. "तो माझा विठ्ठल आहे," म्हणाली.

मधुअण्णा गडबडले. "बाई, फिल्म जुनी आहे. चेहरा नीट दिसतही नाही."

"तुम्हीच म्हणालात न, हुबळीचा म्हणून? सरकारचा माणूस कशाला खोटं बोलंल?"

 सरकारचा माणूस फिल्म गुंडाळायला लागला. मग तिथंच, जनरेटरच्या घरघरीत, तिनं सगळं सांगितलं. नाव सुशीलाबाई. नवरा दुर्गदबैलच्या बाजारात धान्याच्या दुकानी नोकरीला होता, तो वारला. एकुलता एक विठ्ठल, तारिहाळच्या एका कारखान्यात वेल्डिंग शिकला. आईनं ओळखीपाळखीनं त्याच्यासाठी दुर्गदबैलात कापडाच्या दुकानातली जागा बघून ठेवली होती. त्याला आगीशी खेळायचं होतं. म्हणायचा, समुद्रावर तेल काढतात तिथं वेल्डरला फार मागणी आहे. १९८४ साली एका संध्याकाळी तो जेवायला बसला होता आणि तोच वाद पुन्हा निघाला. ती रागानं म्हणाली, "दोन वेळचं फुकट गिळायला लाज नाही वाटत?" आणि समोरचं ताट ओढून घेतलं. तो उठला. हात धुतला आणि गेला तो गेलाच. ना पत्र, ना निरोप.

"एकच घास खाल्ला होता त्यानं," ती म्हणाली. "आता काय म्हणाला हो तो? परत एकदा सांगा."

मधुअण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. मग ते हळूच म्हणाले, "आई, जेवलो मी. तू जेवलीस का?"

ती खाली मातीत बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

परत येताना मी जीपमध्ये त्यांना फैलावर घेतलं. "वहीत साल अठ्ठ्याहत्तर आहे. तिचा मुलगा गेला चौऱ्याऐंशीत. सहा वर्षं आधी जाऊन फिल्म काढून आला का तो?"

"मला ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"रविवारी जाऊन सांगतो."

रविवारी मीही गेले, कारण माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता. सुशीलाबाईंनी आम्हाला पाट दिले, चहा केला. चेहरा असा उजळलेला की चार दिवसांपूर्वीची बाई हीच का, असं वाटावं. मधुअण्णा घसा खाकरत होते तेवढ्यात तीच म्हणाली, "एक गंमत सांगू? तो ताटावरून उठल्यापासून रात्रीचं जेवण मी सोडलं होतं. नऊ वर्षं रात्री चूल पेटवली नाही. मुलगा उपाशी गेला आणि मी जेवू? पण त्या दिवशी त्यानंच विचारलं, तू जेवलीस का. आता त्याला नाही कसं म्हणायचं? घरी आले, भात टाकला, ताक-भात खाल्ला. किती गोड लागला म्हणून सांगू!"

मधुअण्णांनी चहा संपवला, कप पालथा घातला आणि उठले. रस्त्यावर आल्यावर मी कडाडले, "सांगणार होता न?"

"नऊ वर्षांनी तिच्या पोटात रात्रीचं अन्न गेलंय, उत्तरा," ते म्हणाले. "आता मी तिचं ताट ओढून घेऊ?"

मी पुढं होऊन रिक्षाला हात केला. 

त्यानंतर नऊ वर्षं हा प्रकार चालला. वर्षातून एकदा, संक्रांतीच्या मागंपुढं, सुशीलाबाई हुबळीहून बसनं धारवाडला यायच्या. हातात डबा. आम्ही कोठीच्या खिडक्यांना गोधड्या लावायचो आणि मधुअण्णा भिंतीवर फिल्म लावायचे. ती अठरा मिनिटं बाई पापणी लववायची नाही. अकरा सेकंदांना मधुअण्णा ते वाक्य म्हणायचे आणि ती भिंतीला सांगायची, "जेवले रे बाबा, रोज जेवते." मग डबा उघडून आम्हा दोघांना शेंगापोळी.

मी दर वर्षी त्यांना टोचायची. ते दर वर्षी म्हणायचे, सांगू. पण नुसते बसले नव्हते. तेलाच्या कचेऱ्यांना, वेल्डर पुरवणाऱ्या ठेकेदारांना, जिथला पत्ता मिळेल तिथं त्यांनी पत्रं टाकली. विठ्ठल नावाचा हुबळीचा वेल्डर कुणाकडे होता का? टाईप मीच करून दिली. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही, ज्यांनी दिलं त्यांनी 'नोंद आढळत नाही' म्हटलं. आणि ती फिल्म त्यांनी डोळ्यांत तेल घालून जपली. जुनी फिल्म मशीनमध्ये तुटते. तुटली की दोन्ही टोकं कापून चिकटवायची आणि दर जोडाला थोडं चित्र कायमचं जातं. त्या फिल्मला पुढंमागं ठिगळंच ठिगळं होती. हेलिकॉप्टर तर शेवटी उतरायच्या आधीच उतरलेलं असायचं. पण त्या अकरा सेकंदांत एक जोड नाही. तो तुकडा यायच्या आधी मधुअण्णा मशीनवर हात ठेवून उभे राहायचे, तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

दरम्यान घरोघरी टीव्ही आले. देवळासमोर पडदा बांधला तर चार कुत्री आणि दोन म्हातारे यायचे. २००२ साली मधुअण्णा निवृत्त झाले आणि त्याच वर्षी वरून हुकूम आला की फिल्मा मोडीत काढा.

निवृत्तीनंतर पंधरा दिवसांनी सुशीलाबाई कचेरीत आल्या. संक्रांत नव्हती, तरी आल्या. सत्तरीला आलेल्या, पण चाल झपाझप. मी मधुअण्णांना माळमड्डीच्या त्यांच्या घरून बोलावून घेतलं.

"आता तुम्ही मोकळे झालात," ती त्यांना म्हणाली. "चला माझ्याबरोबर. शेजारचा साकेत मुंबईला नोकरीला आहे, पुढच्या सोमवारी परत चाललाय. त्याच्याबरोबर जायचं. तेलाच्या ऑफिसाच्या दारात जाऊन बसते. म्हणते, सिनेमातल्या माझ्या मुलाला बोलवा. एकवीस शेंगापोळ्या करणार आहे, प्रवासात टिकतात."

 आता मधुअण्णांना पळायला जागा नव्हती. म्हातारी परक्या शहरात कुणाच्या तरी दारात पोळ्यांचा डबा घेऊन बसणार आणि पहारेकरी तिला हाकलणार. हे चित्र त्यांना दिसत होतं, मलाही. ते म्हणाले, "आम्ही रविवारी तुमच्याकडे येतो. मशीन घेऊन. आधी एकदा घरी बघू सिनेमा."

मोडीच्या यादीतून ती फिल्म मी गाळली. नोकरीत मी केलेली ती एकच लबाडी, आणि मला तिची लाज वाटत नाही.

रविवारी दुपारी रिक्षातून मशीन घेऊन आम्ही उणकलला पोचलो. सुशीलाबाईंनी स्वयंपाक करून ठेवला होता. आधी सिनेमा, मग जेवण, असं तिनंच ठरवलं. खिडकीला चादर लावली. मधुअण्णांनी फिल्म चढवली आणि मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं ते केलं. आवाजाची कळ पूर्ण सोडली आणि हात पाठीमागं बांधून उभे राहिले.

हिंदी बुवा बोलू लागला. समुद्र आला, हेलिकॉप्टर आलं, टपालाची पिशवी आली. सुशीलाबाई चुळबुळल्या. "हा कोण बोलतोय? तुम्ही बोला की."

मधुअण्णा बोलले नाहीत. पोरगा आला. लाजला, हसला, ओठ हलले, आणि बुवानं पिंपांचा आकडा सांगितला. फिल्म संपली. शेवटच्या पाटीवर साल आलं तिथं मधुअण्णांनी बोट ठेवलं.

"सुशीलाबाई, ही फिल्म अठ्ठ्याहत्तरची आहे. विठ्ठल गेला चौऱ्याऐंशीत. हा पोरगा विठ्ठल नाही. कुठला आहे मला ठाऊक नाही. हुबळीचा म्हणून मीच सांगायचो, प्रत्येक गावात त्या त्या गावाचा म्हणून सांगायचो. पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं. मी तुम्हाला फसवलं."

बाई भिंतीकडे बघत राहिली. मशीनचा पंखा तेवढा फिरत होता.

"जेवलो मी, असं म्हणाला न तो?"

"तो नाही म्हणाला. मी म्हणायचो."

"म्हणजे माझा मुलगा जेवला, हे तू सांगितलंस?" तिचा आवाज चढला. "नऊ वर्षं रोज रात्री पोटभर जेवले मी, तुझ्या सांगण्यावर? तुला कुणी सांगितलं होतं रे माझ्या पोराच्या तोंडात शब्द घालायला? कुठनं आणलेस ते शब्द?"

मला वाटलं, हे नेहमीप्रमाणे गप्प बसणार. पण मधुअण्णा खाली बसले, तिच्यासमोर, फरशीवर.

"माझ्या आईसाठी आणले होते," ते म्हणाले. "मी फिरतीवर असायचो. फोन नव्हता. मी कुठं जेवलो, जेवलो की नाही, हे कळेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे. वीस-वीस दिवस ती अर्धपोटी राहायची. मी हसायचो तिला. एकोणऐंशीत मी हल्याळच्या बाजूला होतो तेव्हा ती गेली. निरोप दुसऱ्या दिवशी पोचला. घरी आलो तर शेजारीण म्हणाली, दोन दिवस जेवली नव्हती, मधू आल्यावर जेवते म्हणायची. त्या महिन्यात ही फिल्म दाखवत होतो. हा पोरगा पडद्यावर ओठ हलवायला लागला आणि माझ्या तोंडातनं ते निघून गेलं. मग दर वेळेला म्हणत गेलो. कुणाला तरी सांगायचं राहिलं होतं न."

चौदा वर्षं मी या माणसाशेजारी नोकरी केली होती. लग्न का केलं नाहीत म्हणून चेष्टा केली होती, मी ताटात भाजी टाकली तर ते चिडले होते, पण हे एकदाही माझ्या कानावर आलं नव्हतं. मान खाली घालून ते वाक्य का म्हणायचे, ते मला त्या फरशीवर कळलं. मी चादरीकडे तोंड करून उभी राहिले. मला लोकांसमोर रडायला आवडत नाही.

सुशीलाबाईंनी पदरानं चेहरा पुसला. मग विचारलं, "विठ्ठल कुठं आहे, ते तुला ठाऊक नाही?"

"नाही. फार शोधलं. कुणाच्याच वहीत नाव नाही."

"मलाही ठाऊक नाही. चला, एवढं तरी खरं झालं." ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. मला वाटलं, केलेलं सगळं बाहेर टाकते आहे आता. आजपासून पुन्हा रात्रीची चूल बंद. हेच होणार होतं, म्हणूनच हा माणूस नऊ वर्षं गप्प होता, आणि मी मूर्खासारखी त्याला सांगा-सांगा म्हणून टोचत होते.

ती बाहेर आली ती हातात ताट घेऊन. भाकरी, झुणका, शेंगाचटणी, भात, वाटीत सार. ते तिनं मधुअण्णांसमोर ठेवलं.

"जेव."

"सुशीलाबाई, मला आता..."

"जेव म्हणते. आणि ताटावरून उठायचं नाही."

त्यांनी घास घेतला. डोळ्यांतलं पाणी सारात पडत होतं. ती शेजारी बसून दटावत होती, "रडत जेवू नये, अंगाला लागत नाही. चटणी घे. भाकरी आणखी वाढू?" त्यांनी मान हलवली तरी तिनं वाढली. ताटातलं शीत न्‌ शीत संपेपर्यंत ती तशीच बसून होती, एकटक बघत. तिथं कोण जेवत होतं तिच्या डोळ्यांसमोर, ते मला सांगता येणार नाही. मधुअण्णांनी ताटाला हात लावला तर म्हणाली, "थांब. आता म्हण."

"काय?"

"ते. भोंग्यावर म्हणायचास ते. मान वर करून, माझ्याकडं बघून म्हण."

मधुअण्णांनी मान वर केली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला ऐकायला पुढं वाकावं लागलं.

"आई, जेवलो मी. तू जेवलीस का?"

सुशीलाबाईंनी त्यांच्या खरकट्या हातावर आपला हात ठेवला. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उत्तरा, माझं ताट आण ग आतून. भूक लागली."